गुण्याची परीक्षा

सुताराच्या पेटीत सर्वांत गरीब दिसणारे हत्यार कोणते, असे कोणी विचारले तर गुण्याकडे बोट दाखवावे लागेल. करवतीला दात असतात, रंध्याला धार असते, पटाशीवर हातोडीचे घाव पडू लागले म्हणजे त्यांचा आवाज घरभर घुमतो. गुण्या मात्र काहीच करीत नाही. एक लाकडी किंवा लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाशी काटकोनात बसविलेले पोलादी पाते, एवढेच त्याचे रूप. तो कापीत नाही, तासीत नाही, ठोकीतही नाही. तो फक्त सांगतो, 'येथून रेघ ओढा, हा काटकोन आहे.' आणि करवत, रंधा, पटाशी ही सारी धारदार मंडळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कामाला लागतात.

म्हणूनच गुण्या खोटे बोलू लागला तर मोठी पंचाईत होते. करवत बोथट झाली तर हाताला ताबडतोब कळते. रंध्याची धार गेली तर लाकडाची साल निघेनाशी होते. पण गुण्याचा कोन चुकलेला असला तर तसे काहीच जाणवत नाही. रेघ सुरेख उमटते, करवत त्या रेघेवरून सरळ चालते, तुकडा स्वच्छ कापला जातो. खिडकीच्या चौकटीचे तीन कोपरे जुळेपर्यंतही सारे ठीक वाटते. चौथ्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र फट दिसू लागते. कारण पहिल्या तीन कोपऱ्यांतील चुका तेथे एकत्र जमलेल्या असतात. आणि तोपर्यंत लाकूड कापून झालेले असते! चांगल्या सागवानाची फळी गुण्याहून कितीतरी महाग असते. ज्या कारागिराने गिऱ्हाइकाचे लाकूड अंगावर घेतले आहे, त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा प्रश्न ह्या लहानशा हत्याराशी असा जोडलेला आहे.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत गेलात तर तुम्हांला नाना प्रकारचे गुण्ये टांगलेले दिसतील. त्यांत शे-दीडशे रुपयांचे असतात, तसेच त्याच्या दहापट किंवा वीसपट किमतीचेही असतात. दिसायला त्यांत फारसा फरक नसतो. मग किमतीत एवढी तफावत का? महागड्या गुण्याचे पोलाद चांगले असते, त्याच्या कडा यंत्रावर घासून गुळगुळीत केलेल्या असतात, हे खरे. परंतु किमतीचा बराचसा भाग वेगळ्याच गोष्टीसाठी असतो. असा गुण्या कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कोणीतरी तो तपासलेला असतो, आणि जो चुकीचा निघाला तो बाजूला काढलेला असतो. स्वस्त गुण्यांच्या बाबतीत हे श्रम वाचविलेले असतात. त्यामुळे एकाच खोक्यातून आलेल्या दोन गुण्यांपैकी एक अगदी बिनचूक असतो आणि त्याचा शेजारी वाकडा असतो. दोघांवर छाप एकच, किंमतही एकच.

ह्याचा अर्थ असा की, तपासण्याचे ते श्रम आपण स्वतः केले, तर थोडक्या पैशांत चांगला गुण्या मिळू शकतो. नवशिक्या कारागिराला आणि शाळेच्या कामशाळेला ही गोष्ट फार मोलाची आहे.

जाणता सुतार गुण्या विकत घेतो तो कसा, हे पाहण्यासारखे असते. तो आधी किंमत विचारीत नाही. दुकानातील एखाद्या फळीकडे पाहून म्हणतो, "शेठ, ही फळी जरा घेतो हं. गुण्या उलटून बघायचा आहे."

सोबत काम शिकायला आलेला भाचा असतो. तो हळूच विचारतो, "मामा, नवा कोरा तर आहे! त्यात उलटून काय बघायचं?"

"अरे, नवा आहे हे दिसतंच आहे. खरा आहे की नाही, ते त्याच्याच तोंडून वदवून घेऊ. पेन्सिल दे इकडे."

आणि मामा काय करतो? फळीची जी कडा सरळ रंधलेली आहे, तिला गुण्याचा दांडा घट्ट टेकवितो. दांडा डाव्या हाताला असतो आणि पाते फळीवर आडवे पडलेले असते. पात्याच्या बाहेरच्या कडेने तो एक बारीक रेघ ओढतो. मग गुण्या उचलून पालथा घालतो. आता दांडा उजव्या हाताला येतो. पहिली रेघ कडेवर जेथून निघाली होती, त्याच ठिकाणी पाते आणून तो दुसरी रेघ ओढतो. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत पडल्या, तर गुण्या खरा. त्या खाली एकत्र असून वर फाकत गेल्या, तर गुण्या खोटा. एवढीच परीक्षा! तिला ना दुसरे हत्यार लागते, ना यंत्र.

ह्या साध्या कृतीमागे भूमितीचे एक सुंदर तत्त्व आहे. सरळ कडेवर एखाद्या बिंदूपाशी रेघ उभी केली, तर तिच्या डाव्या व उजव्या बाजूंचे कोन मिळून १८० अंश होतात. ते दोन्ही कोन समान असले, तर प्रत्येक कोन ९० अंशांचा असलाच पाहिजे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या युक्लिड ह्या ग्रीक गणितज्ञाने काटकोनाची व्याख्याच मुळी अशी केली आहे. एका सरळ रेषेवर दुसरी उभी राहून लगतचे दोन कोन समान करते, तेव्हा त्यांतील प्रत्येक काटकोन होय. मामाने युक्लिड वाचलेला नसेल. पण गुण्या पालथा घालताना तो तेच करीत असतो. डाव्या बाजूला मोजलेला कोन आणि उजव्या बाजूला मोजलेला कोन तो एकमेकांशी ताडून पाहतो.

ह्या परीक्षेत आणखी एक खुबी आहे. चूक जेवढी असते त्याच्या दुप्पट होऊन ती डोळ्यांपुढे येते. कारण एक रेघ एका बाजूला कलते आणि दुसरी तेवढीच दुसऱ्या बाजूला. समजा, गुण्याचे पाते २० सेंटीमीटर लांब आहे आणि दोन्ही रेघांच्या वरच्या टोकांत १ मिलिमीटर अंतर पडले. तर गुण्याची खरी चूक अर्धा मिलिमीटर आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठे, असे तुम्हांला वाटेल. अंशांत सांगायचे तर ही चूक एका अंशाच्या सातव्या हिश्शाएवढीच आहे. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाने ती कधीच सापडली नसती. परंतु २० सेंटीमीटरांत अर्धा, तर २ मीटर उंचीच्या दारात ती ५ मिलिमीटर होते. पाच मिलिमीटर तिरपे दार चौकटीत बसत नाही. बसविलेच तर एका कोपऱ्यात घासते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून उजेड येतो.

गुण्या कोणत्या बाजूला चुकला आहे, हेही ह्या रेघा सांगतात. वरील रीतीने काम केले असेल आणि पहिली रेघ डावीकडे, दुसरी उजवीकडे कललेली असेल, तर गुण्याचा कोन काटकोनाहून लहान आहे. पहिली उजवीकडे व दुसरी डावीकडे असेल, तर तो मोठा आहे. का ते तुम्ही वहीत आकृती काढून पाहा. शब्दांत सांगण्यापेक्षा ते चित्रात चटकन उमगेल. पात्याच्या बाहेरच्या कडेप्रमाणे आतल्या कडेनेही ही परीक्षा करावी, कारण दोन्ही कडा समांतर असतीलच असे नाही.

परीक्षा सोपी असली तरी तिच्यात फसगत होण्याच्या जागा आहेत. पेन्सिलीचे टोक बोथट असेल तर रेघच अर्धा मिलिमीटर जाड उमटते, आणि मग जी चूक शोधायची ती रेघेच्या जाडीतच लपून बसते. म्हणून जुने कारागीर पेन्सिलीऐवजी चाकूच्या टोकाने लाकडावर बारीक ओरखडा काढतात. दांडा आणि पाते यांच्या कोपऱ्यात भुशाचा कण अडकलेला असला, तरी गुण्या उगाच बदनाम होतो. ज्या गुण्याचे पाते स्क्रूने सैल करून मागेपुढे सरकविता येते, त्याच्या खाचेत तर भुसा नेहमीच साचतो. ती आधी ब्रशने झाडून घ्यावी. पण सर्वांत मोठा धोका आहे तो फळीच्या कडेचा. कडा मध्ये खोलगट किंवा फुगीर असेल, तर गुण्या एकदा तिच्या डाव्या भागावर टेकेल आणि एकदा उजव्या भागावर. खऱ्या गुण्यालाही ती खोटे ठरवील. एवढेच नव्हे, तर कधी खोट्यालाही खरे ठरवील.

तर मग कडा सरळ आहे, हे कशावरून ठरवावयाचे? सरळ पट्टीवरून. आणि पट्टी सरळ आहे, हे कशावरून? येथेही तीच युक्ती कामी येते. एका मोठ्या कागदावर पट्टीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढावी. मग पट्टी पालथी घालून तिची तीच कडा रेघेच्या दोन्ही टोकांशी जुळवावी आणि पुन्हा रेघ ओढावी. पट्टी सरळ असेल तर दोन रेघांची एकच रेघ दिसेल. वाकडी असेल तर दोहोंच्या मध्ये माशासारखी लांबट आकृती उमटेल. त्या माशाच्या पोटाची रुंदी पट्टीच्या खऱ्या बाकाच्या दुप्पट असते.

काही मुले विचारतील, दोन पट्ट्या कडेला कडा लावून उजेडासमोर धरल्या तर नाही का चालणार? उजेडासमोर धरण्याची रीत खरोखरच चांगली आहे. केसाहूनही बारीक फटीतून आलेला प्रकाश आपल्या डोळ्याला दिसतो. पण येथे एक गंमत आहे. एक पट्टी मध्ये फुगीर असेल आणि दुसरी नेमकी तेवढीच खोलगट असेल, तर दोघींत यत्किंचितही फट दिसणार नाही. दोघी वाकड्या असूनही एकमेकींच्या बाजूने साक्ष देतील! हे संगनमत फोडावयाचे तर तिसरी पट्टी आणावी लागते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी, अशा तिन्ही जोड्या बिनफटीच्या जुळल्या, तरच तिन्ही सरळ. तिसरीला फुगीर पट्टीशी जुळायचे असेल तर खोलगट असावे लागेल, आणि खोलगट पट्टीशी जुळायचे असेल तर फुगीर. एकाच वेळी दोन्ही होणे तिला शक्य नाही. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रकाराने १८४० साली ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेत धातूचे बिनचूक सपाट पृष्ठभाग बनविण्याविषयी निबंध वाचला, त्याचा पाया हेच तीन पृष्ठभागांचे तत्त्व होते. कोणत्याही अचूक नमुन्याची नक्कल न करता, तीन ओबडधोबड पत्रे एकमेकांशी ताडून व खरवडून अचूकपणा निर्माण करता येतो, ही कल्पना किती विलक्षण आहे पाहा!

काटकोन, सरळपणा ह्या गोष्टींना अशा रीतीने बाहेरच्या साक्षीदाराची गरज नसते. हत्यार पालथे घातले की ते स्वतःविषयी खरे बोलते. पाणसळीचेही तसेच आहे. पाणसळ टेबलावर ठेवून आतील बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे, मग पाणसळ त्याच जागी टोकांची अदलाबदल करून ठेवावी. टेबल उताराचे असेल तर बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या त्याच बाजूकडे, म्हणजे टेबलाच्या उंच बाजूकडे जाईल. पण तो पाणसळीच्या त्याच टोकाकडे चिकटून राहिला, तर दोष टेबलाचा नसून पाणसळीचा. ओळंब्याला मात्र एवढीही परीक्षा नको. दोरी पृथ्वीच्या ओढीने लोंबकळते. वारा नसला की झाले.

लांबीचे मात्र असे नाही. पट्टी हजार वेळा पालथी घातली तरी तिच्यावरील सेंटीमीटर खरोखरच सेंटीमीटर आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. फार तर तिच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, एवढे आपण पाहू शकतो. कंपासपेटीतील कर्कटकाची टोके ० आणि ५ ह्या खुणांवर ठेवावीत, आणि तेच अंतर ५ ते १०, १० ते १५ असे पुढे पुढे टेकवीत जावे. कोठे टोक खुणेच्या बाहेर पडले तर खुणा विषम आहेत हे समजावे. परंतु सर्वच खुणा सारख्याच आखूड असतील, तर ही परीक्षाही मुकी होते. अशा वेळी दुसऱ्या, अधिक भरवशाच्या मापाकडे जावे लागते.

ते माप कोठे सापडेल? तुमच्या गावच्या कापडदुकानात. तेथील धातूच्या मीटरपट्टीची शासनाच्या वैधमापन खात्याकडून ठराविक मुदतीने तपासणी होते व तिच्यावर मुद्रा उठविली जाते. दुकानदाराची परवानगी घेऊन आपली पट्टी किंवा टेप तिच्याशेजारी धरून पाहावी. पण मग त्या मीटरपट्टीची परीक्षा कोणी केली? खात्याच्या निरीक्षकाजवळील मापाने. आणि त्या मापाची? त्याहून वरच्या दर्जाच्या मापाने. अशी ही साक्षीदारांची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, आणि पुढील काही वर्षांत गज, फूट, इंच यांच्या जागी मीटर आला. हा मीटर १७९९ मध्ये पॅरिस येथे प्लॅटिनमच्या एका दांड्याने ठरविला होता. १८८९ मध्ये त्याची जागा प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूच्या दांड्याने घेतली, आणि १९६० मध्ये धातूचा दांडा सोडून क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाचा आधार घेण्यात आला. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या हिश्शात जेवढे अंतर तोडतो, त्याला मीटर म्हणतात. तुमच्या दप्तरातील प्लॅस्टिकच्या पट्टीची वंशावळ पाहू गेल्यास अशी प्रकाशाच्या किरणापर्यंत पोहोचते. मधली एखादी कडी कच्ची असली, की पट्टी चुकते.

गुंडाळण्याच्या पोलादी टेपांवर पुष्कळदा लंबवर्तुळात रोमन आकड्यांत १ किंवा २ असा अंक छापलेला असतो. तो अचूकपणाचा वर्ग होय. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या टेपला १ मीटरात अर्धा मिलिमीटर आणि ५ मीटरांत १.३ मिलिमीटर इतकी चूक माफ असते. पहिल्या वर्गाच्या टेपला ५ मीटरांत ०.६ मिलिमीटरच. म्हणजे बाजारात मिळणारा उत्तम टेपसुद्धा पूर्णपणे बिनचूक असल्याचा दावा करीत नाही. आपली चूक एका मर्यादेबाहेर जाणार नाही, एवढेच वचन तो देतो. मला तर हा प्रामाणिकपणाच आवडतो.

ह्याच टेपच्या टोकाला एक लहानसा आकडा असतो, आणि तो हलतो. पुष्कळ लोकांना वाटते की तो सैल झाला आहे. काही जण तर हातोडीने त्याचे रिबिट ठोकून तो घट्ट करून टाकतात. बिचाऱ्या टेपचा त्यात नाहक नाश होतो! तो आकडा मुद्दामच तसा केलेला असतो. टेप फळीच्या कडेला अडकवून ओढला, तर आकडा स्वतःच्या जाडीइतका बाहेर सरकतो आणि माप आकड्याच्या आतल्या बाजूपासून सुरू होते. तोच टेप खिडकीच्या चौकटीत आतून टेकविला, तर आकडा तेवढाच आत जातो आणि माप त्याच्या बाहेरच्या बाजूपासून धरले जाते. त्याचे हलणे आकड्याच्या जाडीहून कमीजास्त असेल, तरच तो बिघडला असे म्हणावे. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीचे टोक झिजून शून्याची खूण नाहीशी झालेली असली, तर १० च्या खुणेपासून मोजावे आणि शेवटी १० वजा करावेत.

पण जुन्या कारागिरांची खरी हुशारी ह्याच्याही पुढची आहे. जेथे माप घेतल्यावाचून चालण्यासारखे असेल, तेथे ते माप घेतच नाहीत. कपाटाच्या आत फळी बसवायची असेल तर आतली रुंदी किती सेंटीमीटर, ह्या भानगडीत ते पडत नाहीत. एक सरळ काठी आत धरतात, तिच्यावर खूण करतात आणि तीच खूण फळीवर उतरवितात. पट्टी खरी असो की खोटी, येथे तिला तोंड उघडण्याची संधीच मिळत नाही. एका कामाला दोन टेप वापरू नयेत, असे ते सांगतात त्याचेही कारण हेच. सबंध खिडकीचे काम एकाच टेपने केले, तर त्याच्या सेंटीमीटरात थोडी खोट असली तरी सगळे भाग सारख्याच प्रमाणात चुकतात आणि एकमेकांशी जुळतात. एकाचा टेप चौकटीला व दुसऱ्याचा दाराला लावला, की भांडण सुरू होते.

चौकट काटकोनात जुळली आहे की नाही, हे पाहण्यासाठी तर गुण्याही नको आणि टेपही नको. एक न ताणली जाणारी सुतळी पुरते. समोरासमोरच्या बाजू समान असलेल्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले, तर तिचे चारही कोन काटकोन असतात. सुतळी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारावी आणि तीच दुसऱ्या कर्णावर धरावी. समजा, चौकट ८० सेंटीमीटर लांब व ६० सेंटीमीटर रुंद आहे. ती बिनचूक असेल तर दोन्ही कर्ण बरोबर १०० सेंटीमीटर भरतील. आपल्या मघाच्या चुकीच्या गुण्याने ती जुळविली असेल, तर एक कर्ण सुमारे १.२ मिलिमीटरने वाढेल व दुसरा तेवढाच कमी होईल, म्हणजे दोहोंत जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा फरक पडेल. येथेही चूक दुप्पट होऊन दिसली, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. गवंडी पाया आखताना ३, ४ आणि ५ ह्या प्रमाणांत दोरी धरून काटकोन साधतात. त्याचे मूळही ह्यातच आहे. आपल्याकडे यज्ञवेदीची आखणी दोरीनेच करीत असत. दोरीला संस्कृतात 'शुल्ब' म्हणतात. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाचा हा नियम फार प्राचीन काळीच सांगितलेला आहे.

आता एक प्रश्न उरतो. गुण्या किती अचूक असला म्हणजे पुरे? यंत्रे बनविणाऱ्या कारागिराला मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शाचीही चूक चालत नाही. पण सुताराचे माध्यम पोलाद नसून लाकूड आहे, आणि लाकूड हवेतील ओलावा पिते. कोकणातल्या पावसाळ्यात हातभर रुंदीची फळी आडव्या अंगाने एखाद-दोन मिलिमीटर सहज फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. श्रावणात न लागणारे दार चैत्रात सुखाने लागते, ते ह्यामुळेच. अशा फळीवर मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शाची रेघ ओढण्यासाठी हजारो रुपयांचा गुण्या घेणे, हे माझ्या मते पैशाचे चीज नव्हे.

एक साधा मापदंड सांगतो. शंभर पानांच्या, म्हणजे दोनशे पृष्ठांच्या, वहीची जाडी पुठ्ठे सोडून मोजा. ती एक सेंटीमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे एका कागदाची जाडी साधारण मिलिमीटराचा दहावा हिस्सा. गुण्या पालथा घातल्यावर २० सेंटीमीटरांच्या टोकाशी दोन रेघांत दोन कागदांच्या जाडीहून अधिक अंतर नसेल, तर त्याची चूक एका कागदाएवढी आहे. लाकूडकामाला तो उत्तम समजावा आणि निःशंक विकत घ्यावा. अंतर त्याच्या तिप्पट-चौपट असेल, तर तो खुंटीला परत लावून शेजारचा उतरवावा. दुकानदारही सहसा हरकत घेत नाहीत. जाणत्या गिऱ्हाइकाला ते ओळखतात.

घरात आधीच असलेला गुण्या खोटा निघाला, तर तो लगेच फेकून द्यायला नको. पाते दांड्यात पक्के बसलेले असेल, तर कानशीने पात्याची कडा हळूहळू घासून कोन सुधारता येतो. दर चारपाच घासण्यांनंतर परीक्षा करावी लागते, एवढाच काय तो त्रास. एकाच पोलादी पत्र्यातून कापलेल्या दोन भुजांच्या मोठ्या गुण्याला कारागीर निराळेच औषध देतात. कोन लहान असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पत्र्यावर पंच ठेवून हातोडीचा एक हलका घाव घालतात. तेथील धातू दबून पसरतो आणि भुजा किंचित फाकतात. कोन मोठा असेल तर तोच घाव बाहेरच्या कोपऱ्याजवळ घालतात आणि भुजा जवळ येतात. हे काम मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे.

पुष्कळ कारागीर परीक्षेत उतरलेला एक गुण्या रोजच्या वापरात घेतच नाहीत. तो तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवतात. रोजचा गुण्या उंचावरून जमिनीवर पडला, किंवा कोणी त्याने हातोडीचे काम केले असा संशय आला, म्हणजे तळचा गुण्या बाहेर निघतो आणि दोघांना शेजारी शेजारी धरून ताडून पाहिले जाते. आणि जवळपास एखादी सरळ फळी असली, तर त्या तळच्या गुण्यालाही आधी एकदा पालथा घातल्यावाचून मामा राहत नाही.